व्याह्यांची गाडी

जुनी गाडी घ्यायला माझी ना नव्हती. गल्लीत दर तिसऱ्या घरापुढं जुनीच गाडी उभी आहे, आणि चालतेय बापडी. माझा राग आहे तो आम्ही ती कुणाकडून घेतली आणि कशी घेतली यावर. लेकीचे सासरे म्हणाले घ्या, आम्ही म्हणलं घेतो. बस्स. वांगी घेताना मी चार वांगी उलटी करून देठ बघते, आणि गाडी घेताना तोंडाला कुलूप.

आमच्या ह्यांना दोन वर्षांमागं अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला, बोलणंही जड झालं. आठवड्यातून दोनदा व्यायामाला औरंगपुऱ्यात न्यावं लागतं. रिक्षात चढवायचं म्हणजे मी खालून ढकलायचं, रिक्षावाल्यानं वरून ओढायचं, आणि ह्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर चुकवून आभाळाकडं बघत राहायचं. ते आभाळाकडं बघणं मला सोसायचं नाही. म्हणून बासष्टाव्या वर्षी गाडी शिकले. शिकवणारा म्हणायचा, "काकू, क्लच आहे तो, शिलाई मशीनचं पायडल नाय." म्हणलं, "मशीन तरी तुला कुठं चालवता येतं?" पण शिकले.

लेक गावातच, मुकुंदवाडीला दिलेली. तिच्या सासऱ्यांच्या कानावर गेलं की आम्ही गाडी बघतोय. लगेच फोन. "विहीणबाई, पुण्याच्या थोरल्या पोराची गाडी इथं आणून ठेवलीय. घरातली गाडी घरातच राहू द्या, बाहेर कशाला हिंडता?"

शहागंजकडं आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, भाईजान म्हणतो आम्ही त्यांना. आमची स्कूटर वीस वर्षं त्यांनीच जिवंत ठेवली. मी म्हणलं, त्यांना सोबत नेऊ. हे म्हणाले, "व्याह्यांच्या दारात मेकॅनिक नेणार? लेकीला तिथं राहायचंय." मला पटलं, हेच तर दुखतंय. मुलीकडच्यांनी जरा कमीच बोलावं, हे माझ्या हाडात मुरलेलं. तिथं गेलो तर विहीणबाईंनी माझी ओटी भरली, ब्लाऊजपीस दिला, गाडीला हळदकुंकू लावलं. ओटीतला नारळ सांभाळत मी काय बॉनेट उघडून बघणार होते? गाडी चकचकीत होती. आत वास मात्र लई होता, अत्तराच्या दुकानात बसल्यासारखा. मला वाटलं, हौसेनं मारलाय.

चार महिन्यांत ती गाडी कुठं कुठं बंद पडली ते सांगत बसत नाही. काच अडकायची, हॉर्न आपोआप वाजायचा. मी मनात शिव्या घालायची आणि लेकीचा फोन आला की सांगायची, "छान चाललीय गं." ती पण म्हणायची, "बरं झालं."

मग मे महिन्यातली ती दुपार. औरंगपुऱ्यात गर्दीत गाडी गप झाली. मागचे हॉर्न वाजवायला लागले म्हणून मी किल्ली तशीच ठेवून खाली उतरले, मागच्यांना हात करायला. पाठीमागं खटकन आवाज आला. चारही दारं आपोआप लॉक. काचा बंद, आत हे. दाराची खिटी त्यांच्या डाव्या बाजूला, आणि डावा हात तर मेलेला. उजवा हात ओढून ओढून आणत होते, पट्ट्यामुळं पोचत नव्हता. घामानं शर्ट अंगाला चिकटला, तोंड लाल झालं. मी काचेवर थापा मारतेय आणि ते मला बोटानं खुणावताहेत की घाबरू नको. मला. आतून.

एक रिक्षावाला धावत आला. "खाला, पीछे की काच फोडू क्या?"

"फोड बाबा, सगळ्या फोड."

त्यानं पान्यानं मागची काच फोडली, आत हात घालून दार उघडलं. पाणी पाजलं. पैसे घेईना. "अब्बा को घर ले जाव पहले," म्हणाला, आणि त्याच्याच रिक्षात बसवून आम्हाला घरी आणलं.

गाडी ओढून भाईजानकडं नेली. त्यांनी काही उघडलं नाही, नुसता सीटचा पट्टा ओढला, शेवटपर्यंत. एरवी आत गुंडाळून राहणारा तो शेवटचा हातभर भाग मातकट होता, त्यावर पाण्याची सरळ रेघ. गालिचा उचलला तर खाली वाळका गाळ. "भाभी, ये गाडी पानी में डूबी हुई है. अच्छी तरह डूबी है." मग त्या अत्तराचा उलगडा झाला.

लेकीला फोन केला. झालेलं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला माहीत होतं. पुण्याला दादांच्या बिल्डिंगच्या तळघरात पाणी शिरलं होतं, त्यात बुडाली होती."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तूच सांगितलंस ना पाठवणीच्या दिवशी, इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करायचं नाही."

त्या शब्दांनी माझी लाही लाही झाली, कारण ते माझेच होते.

हे म्हणाले, "जाऊ दे, लेकीचं घर आहे." मी पायात चप्पल घातली आणि रिक्षानं मुकुंदवाडी गाठली.

व्याही सोफ्यावर. मी उभीच राहिले. "पाहुणे, गाडी पाण्यात बुडालेली होती का?"

"पावसात कुणाची गाडी भिजत नाय, विहीणबाई? जुनी म्हणल्यावर थोडंफार निघायचंच."

विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही बघूनच घेतली की."

"कधी बघितली? तुम्ही ओटी भरत होतात तेव्हा?" माझा आवाज चढला. "माझा माणूस आत कोंडला होता. पाच मिनिटं अजून गेली असती तर तुमच्याकडं मी असं बोलायला आले नसते, कळवायला आले असते."

जावई मोबाइलकडं बघत बसले. तेवढ्यात लेक चहा घेऊन बाहेर आली. ट्रे टेबलावर ठेवला आणि सासऱ्यांना म्हणाली, "अप्पा, दोन दिवस पाण्याखाली होती गाडी. दादांनी पाठवलेला फोटो आहे माझ्याकडं."

आणि माझा हात उठला, तिला गप्प करायला. एवढं सगळं झाल्यावरही. भांडायला मी आले होते, बोलत ती होती, आणि माझाच हात तिच्या तोंडाकडं निघाला होता.

"आई, हात खाली घे," ती म्हणाली.

व्याही "पैशाचं बघू" म्हणाले आणि उठून आत गेले. अजून बघताहेत. गाडी भाईजानच्या दारात उभी आहे, ह्यांना मी पुन्हा रिक्षानंच नेते. राग गेलेला नाही, आणि मला तो घालवायचाही नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. "घरात कुणी बोलत नाहीये माझ्याशी. सासूबाईंनी आपल्यापुरता चहा करून घेतला."

पाया पड, माफी माग, असं माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं.

"मग तू?"

"मी माझा केला."

म्हणलं, "बरं केलंस. साखर नीट घाल."