गोळी म्याच कुटली

घरवालीचे गुडघे सुजून तांब्याएवढे झाले होते. खुरपायला खाली बसली की उठायला माझा हात लागायचा, अन् तिला तेच झोंबायचं. "मला आपली आपन उठता आलं पायजे," म्हणायची. दुसरं मागनंच न्हाई.

तांड्यावर मोबाइल नवा नवा आला होता तवाची गोष्ट. हिंगोलीच्या हाडाच्या डाक्टरनं गोळ्या देल्या. मोठ्या, गुळगुळीत. तिच्या नरड्याखाली एक उतरंना. मंग मी शाना झालो. बैलाला आमी औसद कुटून, पान्यात कालवून, बांबूच्या नळीनं पाजतो. आजवर एका बैलानं तक्रार केली न्हाई. खलबत्त्यात रोज गोळी कुटली, गुळात कालवून तिला चाटवली. वर म्हणलं, "डाक्टर शिकला, पन त्यानं बैल कुठं पाळले?"

आठ रोजात ती पोट धरून बसली. "आतून आग व्हऊन राहिली."

"औसद काम करून राहिलं," म्या म्हणलं.

दुसऱ्या दिशी रक्ताची उलटी झाली. जीपमधी घालून हिंगोलीला नेली.

डाक्टरनं खलबत्त्याचं ऐकलं अन् कपाळाला हात लावला. "मामा, काहून कुटली?"

"साहेब, नळी न्हाई घातली, तेवढं तरी माफ करा."

कोनी हसलं न्हाई. मी बी न्हाई.

त्या गोळीवर लेप व्हता. तिनं पोटात बंद राहून पुढं आतड्यात उघडायचं. लेप म्या मोडला, म्हनून पोट पोळलं. आता त्या गोळ्याच बंद. डाक्टर म्हणला, "मोठ्या शहरात नवीन औषध बनवून राहिले. डोळ्याला न दिसणारे कण. सुईनं अंगात सोडायचे. सुजलेल्या सांध्यात गरमी, आंबटपणा जास्त असतो. तिथं पोचले की कण फुटतात, औषध तिथंच सुटतं. बाकी अंगाला तकलीफ कमी."

"त्याला गुडघा बराबर सापडते?"

खाटेवरून घरवाली बोलली, "कनाला बी तुमच्याहून अक्कल हाय."

"कवा येईल, साहेब?"

"अजून लई टाइम हाय, मामा."

पोट सुधारलं. गुडघे तसेच राहिले. आता माझे बी कुरकुरतेत. तिला उठवताना आमी दोघं डुलतो, कोन कोनाला धरून हाय ते समजत न्हाई. हिंगोलीहून आलो की ती इचारायची, "आलं का?" मी म्हणायचो, "निघालं हाय. रस्ता इचारीत येऊन राहिलं." पयले हसायची.

आता इचारत न्हाई. उठायला नुसता हात पुढं करते.