इरशाद राहतो कुठं

मेहमूदभाई रेल्वेत कीमन होते. आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी तपासायचा, ठोकायचं ते ठोकायचं, आवळायचं ते आवळायचं आणि टप्पा संपला की डायरीत सही करायची, हे कीमनचं काम. एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं. मुकादम म्हणाला, "पलीकडचं उद्या बघू. आज सही करून टाक." मेहमूदभाईंनी डायरी मिटली. पाणी उतरेपर्यंत काठावर बसले, मग पलीकडं जाऊन आले आणि मगच सही केली. सहीसाठी थांबलेला मुकादम तोवर उपाशी. त्यानं दिलेल्या शिव्या त्यांनी ऐकून घेतल्या.

अशी सगळी नोकरी केडगावच्या आसपास काढून ते आपल्या वाडीत येऊन राहिले.

मुलगा इरशाद शिरूरच्या एका शेडमध्ये वेल्डिंग शिकला. चौफुल्यावरनं न्हावऱ्यामार्गे शिरूरची एसटी धरायची, संध्याकाळी डोळे लाल करून यायचं. हात बसला, तसा बंगळूरला पाइपच्या कामावर लागला. त्याला दोन वर्षं होऊन गेली. तिथंच त्याला जर्मनीतल्या एका कारखान्याचं बोलावणं आलं. मात्र महिनाअखेरपर्यंत व्हिसाचा अर्ज दाखल झाला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं त्यांनी कळवलं.

सुट्टी काढून इरशाद घरी आला आणि इथंच गाडं अडलं. जर्मनीची वकिलात, म्हणजे व्हिसा देणारी कचेरी, मुंबईतही आहे आणि बंगळूरलाही. माणूस ज्या राज्यात राहतो, तिथल्या कचेरीत अर्ज करायचा, असा नियम.

"मग मुंबई," मेहमूदभाई म्हणाले. "त्यात इच्यार कसला?"

"अब्बा, मी राहतो बंगळूरला. पगार तिथला, बँक तिथली, खोलीचा करार तिथला."

"खोली भाड्याची हाय. घर हितं हाय."

"ते कायमच्या पत्त्यात लिवतोय की. आत्ता राहतो कुठं, ते विचारत्यात."

"आत्ता माझ्यापुढंच बसलायस न्हवं?"

ओट्यापाशी इरशादची आई रजिया हसली. इरशाद हसला नाही.

मेहमूदभाईंच्या मनात वेगळंच होतं. मुंबईतून अर्ज केला, तर व्हिसा येईपर्यंत पोरगा घरी थांबणार होता. एकदा गेला की कधी दिसेल कोणास ठाऊक. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, गावाचं नाव पुढं केलं. "दोन वर्सांत कानडी झालास व्हय रं?" असंही एकदा टोचलं. त्यात अर्ज द्यायला बंगळूरची तारीख मोबाइलवर दिसेना आणि मुंबईची मिळत होती, येत्या गुरुवारची. इरशादनं बापाकडं एकदा पाहिलं आणि मुंबई धरली.

आता महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा हवा होता. तो जमवून द्यायला शेजारचे मारुतराव आप्पा धावून आले. सोसायटीवर दोनदा निवडून आलेला माणूस, कुणाचं काम अडू द्यायचं नाही हा बाणा. टाइप केलेला कागद घेऊनच ते ओसरीवर टेकले.

"घर तुज्या नावावर, म्हणून जबाब तुजा," आप्पा म्हणाले. "पोरगा दोन वर्सं सलग हितंच राहतो, असं लिवलंय. सही ठोक, फुडं दाखल्याचं मी बघतो. पुतण्याचं बी असंच केलं. त्यो तर पुण्यात फ्लॅट घिऊन बसलाय."

मेहमूदभाईंनी चष्मा लावला. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली.

"सलग म्हंजी?"

"मधी खंड न्हाई."

"ईदला आला व्हता. आन् तुमच्या पोरीच्या लग्नाला."

"मग आला व्हता की. मधलं कोण मोजतंय?"

"अब्बा, सही करा," इरशाद म्हणाला. "गुरुवार जवळ आलाय."

मेहमूदभाईंनी पेन हातात घेतलं. सही केली तर पोरगा घरी थांबणार होता. त्यांनाही तेच हवं होतं. रजियानं आणलेल्या चहावर साय धरली. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन कागदावर ठेवलं.

"ह्यो टप्पा मी फिरल्याला न्हाई, आप्पा."

"आरं, कागद हाय त्यो, रूळ न्हवं. तुज्या सहीवर काय गाडी चालायचीय का?"

इरशाद उठून उभा राहिला. "मुंबई मुंबई कोण करत व्हतं? मी?"

"मीच."

"मग आता?"

"माझं चुकलं. तू बंगळूरची तारीख बघ."

"आन् न्हाई मिळाली तर?"

मेहमूदभाईंनी पेन उचलून कागद आप्पांकडं सरकवला. आप्पांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "बापानंच पाय वढला," एवढं म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी इरशादनं दौंडला बंगळूरची गाडी धरली. बॅग मेहमूदभाईंनी उचलली होती.

"पाण्याची बाटली भरली का?"

"भरली."

गाडी हलेपर्यंत बापलेकांत एवढंच बोलणं झालं.

मग दिवस सरू लागले. तिकडं इरशाद कामावर जाण्याआधी आणि आल्यावर तारीख शोधायचा. इकडं मेहमूदभाईंचं घरात बूड टेकेना. रुळाच्या कडेनं लांबवर जायचे, परत यायचे.

"फोन खिशात ठिवा," रजिया म्हणायची. "हातात धरून फिरल्यानं लवकर वाजत न्हाई."

महिन्याचा शेवटचा आठवडा लागला. इरशादचा फोन येत नव्हता, आणि आपण कोणत्या तोंडानं करायचा, म्हणून मेहमूदभाईही करत नव्हते. आणि मग आलाच. कुणीतरी तारीख सोडली होती, ती त्याला मिळाली. उद्या सकाळी.

दुसऱ्या दिवशी मेहमूदभाई जेवले नाहीत. दुपार कलताना फोन वाजला.

"घेतला अर्ज," इरशाद म्हणाला. "कुठं राहता, कवापासनं, विचारलं. कागद एकाला एक लावून बघितलं."

"आन्?"

"आन् काय. जुळलं. माझ्याफुडं एकजण व्हता, त्येचा पत्ता एकीकडचा, पगार दुसरीकडचा. त्येला बाजूला बसवलं."

"त्येचं काय झालं?"

"काय म्हाईत. मी निघालो तवा तिथंच बसला व्हता."

व्हिसा आला. कारखान्यानं लगेच विमानाचं तिकीट पाठवलं, तेही बंगळूरहून. घरी येऊन जायला सवड उरली नाही. हे कळल्यावर मेहमूदभाईंनी रेल्वेचा पास काढला, रजियानं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. तिचे गुडघे धरलेले, तिला प्रवास झेपणार नव्हता. दोन वर्षांत त्यांनी मुलाची खोली पाहिली नव्हती.

बंगळूरला खोलीचा जिना चढताना घरमालकीण आडवी आली. "इरशाद के अब्बा?" म्हणत तिनं त्यांना चहाला बसवलं. खालचं गेट इरशादनं वेल्ड करून दिलं होतं, ते मुद्दाम दाखवलं. मेहमूदभाईंनी जोडावरून बोट फिरवलं. जोड साफ होता.

वर खोलीत दोरीवर कामाचे कपडे वाळत होते. कोनाड्यात मिठाची बरणी, भिंतीवर गावच्या घराचा फोटो. दारावर खडूनं इरशादचं नाव, तेही पुसट होत आलेलं. मेहमूदभाई सगळं बघत फिरले, कोपरा न् कोपरा. इरशाद बॅग भरत होता. त्यानं चटणीचा डबा कपड्यांच्या मधोमध ठेवला.

रजियाचा फोन आला. "कशी हाय खोली?"

"बरी हाय. हितंच राहत व्हता त्यो," मेहमूदभाई म्हणाले. "खिडकीची कडी तेवढी सैल हाय. आवळून टाकतो."