बावीस खांबांचा मफलर

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सकाळचे दहा. रक्कम ठरली ऐंशी हजार रुपये. जागा बोरी बुद्रुकला आमच्या घराचा ओटा. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, माझा धाकटा चुलतभाऊ, त्याची बायको आणि आम्हा दोघा भावांची आत्या. ती घोडेगावहून याच कामासाठी आली होती.

रक्कम माझ्या उजव्या हाताची होती. नऊ आठवड्यांपूर्वी विहिरीवर चुलतभावाच्या कोयत्याने माझा तळहात आडवा कापला गेला होता. अंगठा सोडून चारही बोटांच्या शिरा तुटल्या. ऑपरेशन नारायणगावला झालं. तिथे आम्ही कडबाकुट्टीत हात गेला असं सांगितलं, कारण आत्याने फोनवर बजावलं होतं, "पोलिसात गेलात तर मी मेले समजा." खर्च आला अठ्ठ्याहत्तर हजार सहाशे पन्नास. जीपभाडं धरून आत्याने ऐंशी केले.

चुलतभावाकडे एवढे पैसे नव्हते. त्याच्या दावणीला एक गाय होती, वेळेला नऊ लिटर देणारी. तिच्या दुधावर त्याच्या बायकोचं घर चालायचं. तडजोडीच्या कागदात असं लिहिलं की, त्याने विनाकारण कोयता चालवला, चूक त्याच्या एकट्याची, आणि गाय विकून तो ऐंशी हजार देईल.

तो मध्ये एकदा बोलू पाहत होता. "आत्या, आदी यानं..."

"तुझ्या हातात कोयता व्हता का नव्हता?"

"व्हता."

"मग गप."

त्याचा डावा हात अजून झोळीत होता. विहिरीवर त्याच्या खांद्याजवळचं हाडही मोडलं होतं. झटापटीत पडला, असं मी सांगितलं होतं. त्याने उजव्या हाताने सही केली. माझी पाळी आली तेव्हा पेन बोटांतून गळून पडलं. मी अंगठा देतो म्हणालो.

"शिकलेला मानूस तू, अंगठा काय उठवतूस?" आत्या म्हणाली. "उद्या म्हनशील, गुंगीत घेतला. हात चालायला लागला की सही कर. तवर गाय दावणीलाच राहील."

चुलतभावाची बायको इतका वेळ पदर दातात धरून बसली होती. जाताना ती माझ्याकडे न बघता बोलली, "बघा दादा, हात कवा बरा करायचा ते तुमच्याच हातात हाय."

नारायणगावला व्यायाम शिकवणारी मुलगी होती. तिने आधी रबरी चेंडू दिला. तो दाबून माझा राग वाढला, बोटं काही मिटली नाहीत. मग ती म्हणाली, "काका, बोटांचं बारीक काम करा. भरतकाम, विणकाम, काहीही चालेल." बायको शेजारीच होती. घरी आल्यावर तिने कपाटावरची पिशवी खाली काढली. त्यात वर्षानुवर्षांची उरलेली लोकर होती. मुलीच्या शाळेच्या स्वेटरची निळी, दाराच्या तोरणाची पिवळी, नातवाच्या टोपीची पांढरी, आणखी एक तपकिरी. मी ती तराजूवर घातली. दोनशे नव्वद ग्रॅम भरली.

"मफलर व्हईल," ती म्हणाली. "पट्ट्यापट्ट्यांचा. सहा ओळी झाल्या की रंग बदलायचा. लहान पोरगीबी करती."

क्रोशाची सुई बोटांत राहीना, म्हणून तिने सुईच्या मागच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. आधी साखळी शिकवली. फासातून लोकर ओढायची, की झाली एक साखळी. मग खांब: सुईवर एक वेढा घ्यायचा, खालच्या टाक्यात शिरायचं, लोकर ओढून आणायची आणि दोन-दोन वेढे सोडवायचे. एका ओळीत बावीस खांब. अठरा पट्टे, एकशे आठ ओळी. म्हणजे दोन हजार तीनशे शहात्तर खांब. मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं आणि रोजच्या दोन ओळी ठरवल्या.

पहिल्या दिवशी अर्धी ओळ झाली आणि मनगटापासून कोपरापर्यंत आग उठली. शिवलेली जागा आतून कुणी उसवतंय असं वाटायचं. दुखलं की मला चुलतभावाचं तोंड दिसायचं. मी सुई टाक्यात खुपसायचो ती त्याच्यात खुपसावी तशी. प्रत्येक खांबाला एक शिवी. टाके इतके आवळले गेले की पुढच्या ओळीत सुई शिरेना. बायकोने तुकडा हातात घेऊन वाकवून पाहिला. तो पत्र्यासारखा उभा राहिला.

"ह्यो मफलर हाय का फळी? गळा कापंल एखाद्याचा."

"कापू दे. कुणाचा ते मी सांगतो."

तिने चारही ओळी माझ्यासमोर भराभर उसवल्या.

नारायणगावच्या जीपमध्येही मी विणायचो. वेळ वाया घालवणं मला जमत नाही. एकदा समोरचा एक टोमॅटोवाला म्हणाला, "पावणं, पोरीचं लगीन निघालंय का? रुकवताची तयारी जोरात दिसती." सगळी जीप हसली. मी सुई मुठीत धरली आणि तिचं टोक त्याच्या गुडघ्यापासून किती अंतरावर आहे याचा अंदाज घेतला. नऊ-दहा इंच. त्याला काय कळलं माहीत नाही, पण पुढच्या थांब्यावर तो उतरून टपावर जाऊन बसला.

तेव्हा मी असाच होतो. संध्याकाळी चुलतभाऊ झोळीतला हात सांभाळत रस्त्याने जायचा. मी ओट्यावरून बघायचो आणि त्याचा दुसरा हात कुठे मोडता येईल ते ठरवायचो. तो मान वळवून थुंकायचा. माझी बायको आणि त्याची बायको मात्र विहिरीच्या कडेला एकमेकींशी बोलत असत. हे मला माहीत होतं, आणि त्याचाही राग होता.

पौष संपत आला तेव्हा तेरा पट्टे झाले होते. मफलर जमिनीवर पसरला आणि माझं डोकं फिरलं. सुरुवातीला तो चांगला वीत रुंद होता, टोकाकडे जेमतेम सात-आठ बोटं. शेवटच्या ओळीत खांब भरले चौदा. मी तीनदा मोजले.

"तू उसवलंस काही?"

"मी कशाला हात लावू?"

"मग आठ खांब गेले कुठे? ओळ संपली की मी थांबतो. एकही सोडत नाही."

ती माझ्याजवळ मांडी घालून बसली. "घाला बरं एक ओळ माझ्यासमोर."

मी ओळ सुरू केली. वळताना तीन साखळ्या घातल्या आणि पुढे गेलो. शेवटी आलो, थांबलो, काम उलटं फिरवलं. तिने माझा हात धरला.

"हितं चुकतंय. सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हंजी पयला खांब. परत येताना त्याच्या डोक्यावर टाका घ्यायचा. तुमी तो सोडून देताय. बहुतेक बारीला सुई आपसूक त्यात जाती, मधीच एखाद्या बारीला सोडताय."

"ती साखळी आहे. तू खांब मोजायला सांगितलेस."

"साखळी असली तरी खांबच धरायचा. उंची तेवढीच हाय ना?"

"साखळीला मी खांब म्हणणार नाही. जे आहे ते आहे. मी उगाच आकडा फुगवत नाही."

मी आवाज चढवला होता. तिने मफलर खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "तुमचं समदं असंच. पयली साखळी मोजत न्हाई, आन् त्या दिशी पयलं फावडं तुमी उचललं, तेबी मोजत न्हाई. मी मोटारीच्या खोलीपाशी उभी व्हते. आत्यासमोर नवऱ्याची इज्जत म्हून गप बसले. तिकडं माज्या जावंची गाय चालली."

मी उठलो आणि तिचं मनगट धरलं. उजव्या हाताने. दुसरा हात वर गेला होता.

ती ओरडली नाही. मागेही सरकली नाही. ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. मीही पाहिलं. चारही बोटं मिटली होती. तिच्या मनगटावर घट्ट बसली होती, आणि त्यांच्या खालची कातडी पांढरी पडली होती.

"हात आला की," ती म्हणाली. "चला, सही करा आता."

मी सोडलं. तिच्या मनगटावर चार वळ उठले होते. ते दुसऱ्या दिवशीही होते, भाकरी थापताना दिसत होते.

त्या दिवशी विहिरीवर काय झालं ते आता लिहितो.

विहीर सामाईक आहे. तीन दिवस पाणी माझं, तीन दिवस त्याचं. वडिलांच्या वेळी ही पद्धत पडली तेव्हा लाइट दिवसभर असायची. आता मोटारीची लाइट मोजके तास येते आणि तीही मध्येच जाते. माझं म्हणणं, पाळी लाइटीच्या तासांवर मोजावी. त्याचं म्हणणं, दिवस संपला की पाळी संपली. त्या खेपेला माझ्या वहीत तीन तास दहा मिनिटं कमी भरत होती. म्हणून चौथ्या दिवशी, म्हणजे त्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी अकराला मी स्टार्टर दाबला आणि पाणी माझ्या कांद्याकडे वळवलं.

तो शेजारच्या वावरात गायीसाठी मका तोडत होता. कोयता हातात होता तो मक्यासाठी, माझ्यासाठी नाही. येऊन त्याने मोटार बंद केली.

"दादा, तुजी पाळी काल संपली."

"तीन तास दहा मिनिटं बाकी आहेत."

"वही बुडव तुजी हिरीत."

मी हिरवं बटण दाबलं, त्याने लाल. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी तो हसला आणि म्हणाला, "तुज्या बापानंबी असंच पानी चोरलं."

पाटाच्या कडेला फावडं उभं होतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि पात्याच्या मागच्या बाजूने त्याच्या डाव्या खांद्यावर मारलं. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. तो एका गुडघ्यावर गेला आणि खालूनच त्याने कोयता फिरवला. मी पातं मुठीत पकडलं. त्याने ते ओढून घेतलं. मला आधी काही लागलंच नाही, फक्त हात गरम झाला. मग मी डाव्या हाताने त्याची मान धरली, मोडक्या खांद्यावर गुडघा रोवला आणि त्याचं तोंड पाटाच्या चिखलात दाबलं. चिखलातून बुडबुडे येत होते. माझं रक्त त्याच्या केसांत जात होतं. बायकोने माझे केस धरून मला मागे ओढलं, तोपर्यंत मी दाबत होतो. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मी सगळं मोजतो. ते मोजलं नाही.

यातलं कोयत्यापासूनचं अर्धं मी आत्यासमोर सांगितलं होतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सांगितलं नव्हतं.

मनगट सोडल्यावर मी आत्याला फोन केला. ती दोन आठवड्यांनी, सोमवारी आली. त्या दिवसाच्या आत मी एकच काम केलं: तेरा पट्टे तसेच राहू दिले आणि पुढच्या पाच पट्ट्यांत दर तीन-चार ओळींनी एक खांब वाढवत परत बावीसवर आणलं. त्यामुळे मफलर मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद झाला. उसवला नाही. मोटारसायकलवर तोच घालतो.

पुन्हा तीच पाच माणसं ओट्यावर बसली. जुना कागद पुढे ठेवला होता. मी त्यावर सही केली नाही. दुसऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं येत होतं आणि अकरा ओळींना पाऊण तास लागला. तोपर्यंत कुणी चहाही प्यायलं नाही. आत्याला वाचता येत नाही, म्हणून मी तो कागद चुलतभावाला दिला. त्याने मोठ्याने वाचला. फावड्यापाशी त्याचा आवाज अडखळला. मग तो पुढे वाचत गेला. चिखलाचंही मी लिहिलं होतं.

आत्याने ओठ वर करून दातांमधली फट दाखवली. "ह्या हिरीपायी तुमच्या बापांनी माजे दोन दात पाडले," ती म्हणाली. "मधी पडले म्हून. त्यांनीबी तुमाला सांगितलं, आत्या पडली. पडली म्हनायची तुमच्या घरात रीतच हाय." मग तिने पायातली चप्पल काढली आणि माझ्या पाठीवर दोनदा मारली. जोरात. मी हललो नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी चपलेने मारल्याचं आमच्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

तिने जुना कागद फाडला. चुलतभावाने माझा कागद घडी करून खिशात घातला.

"मी माफ केलं असं कुटं लिव्हू नको," तो म्हणाला. "मला अजून चिखलाची चव येती तोंडात."

"लिहिलेलं नाही."

"आन् पाळीचं काय?"

पाळीचं काही ठरलं नाही. लाइटीच्या तासांवर की दिवसांवर, हे अजूनही ठरलेलं नाही. मी वही ठेवतो, तो हसतो. मात्र त्याच्या दिवसांत मी स्टार्टरला हात लावत नाही.

हिशोब मी असा धरला. पहिला मार माझा, म्हणून त्याच्या हाडाचा खर्च माझा. पातं मीच मुठीत धरलं, म्हणून माझ्या हाताचा खर्चही माझा, त्याच्याकडून काही येणं नाही. गाय दावणीलाच राहिली. त्याच्या खांद्याचा खर्च मी विचारला, तेव्हा त्याने तोंड फिरवलं. माझ्या बायकोने सांगितला; दवाखान्याच्या पावत्या तिने जावेकडून आधीच आणून ठेवल्या होत्या. त्याच बैठकीत, आत्यासमोर, मी अकरा हजार सहाशे रुपये रोख चुलतभावाच्या बायकोच्या हातात दिले.