गच्च भरलेलं सरकारी पोतं

"हे कोन सांगून राह्यलं?" असं विचारून आमचे साहेब चष्मा कपाळावर चढवायचे. प्रश्न कादंबरीबद्दल आहे की पिकाच्या आकड्याबद्दल, ते आपण ओळखायचं.

साठ सालानंतरची गोष्ट. यवतमाळला पिकांचे अंदाज काढणाऱ्या कचेरीत मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यांच्या पिशवीत मोजणीची दोरी आणि कादंबऱ्या एकत्र नांदत. मराठी, हिंदी, उर्दू, काहीही चाले. राळेगावच्या एसटीत मी डुलक्या काढायचो, ते पानं उलटायचे. आकडेवारीच्या माणसाला हे थेर कशाला, असं मला वाटे.

एका वर्षी पावसानं कपाशी झोडपली. पिकाचा उतारा कमी निघाला तरच गावाला शेतसाऱ्यात सूट मिळणार होती. चिठ्ठी टाकून निवडलेल्या शेतात आम्ही दोरीनं चौकोन आखला. प्रत्येक वेचणीला त्यातला कापूस वेगळ्या पोत्यात भरून तोलायचा आणि त्यावरून गावाचा अंदाज बांधायचा. पहिल्या वेचणीला पोत्याचा तळही झाकेना. दुसऱ्या वेचणीला पोतं गच्च. मी खूश झालो.

साहेबांचा चष्मा वर गेला. "पयल्या प्रकरणात मानूस खाटेवर, दुसऱ्यात आखाड्यात. मधलं प्रकरण कुठी गेलं?"

ते बांधावर बसले. शेतमालकीण काकूंकडे पाणी मागितलं, सुनेचं माहेर विचारलं. मग हळूच म्हणाले, "काकू, एवढा कापूस कुठून आला?"

"सरकारी पोतं रिकामं गेलं तं गावाची इज्जत जाते ना, भाऊ. म्हून आमी बायांनी आपापल्या ओटीतला टाकला."

अशानं सूट जाईल, हे साहेबांनी सांगितल्यावर काकू पोत्यातला कापूस परत काढायला धावल्या, पण कुठला कुणाचा ते आता ओळखू येईना.

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं नाही. चौकोनातल्या झाडांवरची रिकामी बोंडं मोजली, शेजारच्या न वेचलेल्या ओळीतली तेवढीच बोंडं वेचून कापूस तोलला. "अंदाजच हाय, पन झाडानं सांगितलेला हाय."

परतताना म्हणाले, "कादंबरीतला मानूस लई वेळा लाजेपायीच खोटं बोलते. आकडेही मानसंच देतात ना." त्यानंतर मी त्यांच्या पिशवीकडे पाहून नाक मुरडलं नाही.

वरिष्ठ भडकले. ही कुठली पद्धत, म्हणाले. पण आकडा टिकला, गावाला सूट मिळाली. साहेबांची मात्र लांबच्या कचेरीत बदली झाली. तिथं शेत दिसत नव्हतं.

पुढच्या हंगामात चिठ्ठीत पुन्हा काकूंचंच शेत निघालं. मी एकटाच गेलो. मला ते शेत फार मोठं वाटलं. काकूंनी रिकामं पोतं माझ्यासमोर उलटं करून झटकलं.

"पाहून घ्या, काई नाई यात. तुमचे सायब मांगून येऊन राह्यले ना?"

"नाही, त्यांची बदली झाली," मी म्हणालो. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि त्या वेचायला वाकल्या.