खोळीतली टाकी

"आप्पाने गॅस विकला, टाकीत हवा भरली आणि साहेबांनी म्हातारा म्हणून त्याला सोडून दिले."

ही कथा नांदेडला निवृत्तांच्या बैठकीत मला माझ्याच तोंडावर ऐकवण्यात आली. ऐकवणारे गृहस्थ त्या वेळी आप्पांच्याच कारखान्यात अभियंता होते. ती घटना मी विसरलेलो नाही. मात्र ती अशी घडलेली नाही.

मी तेव्हा औसा भागातील एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या मद्यार्क कारखान्यात सांडपाण्याच्या हौदात उतरणाऱ्या कामगारांच्या कमरेला एक यंत्र असे. सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू जाणवला की ते वाजे. ते बरोबर चालते की नाही हे पाहण्यासाठी तोच वायू, अगदी अल्प आणि ठरलेल्या मात्रेत नायट्रोजनमध्ये मिसळून, एका पोलादी टाकीत ठेवलेला असे. याच अभियंत्यांनी नवे यंत्र त्यावर तपासले, तर खरेदीच्या वेळच्या मात्रेच्या निम्मीही मात्रा दिसेना. त्यांनी तक्रारअर्ज दिला आणि भांडारपाल आप्पांना अटक करण्याचा आग्रह धरला. आप्पा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. कारखान्याच्या फाटकातून पोलिसांच्या गाडीत बसून बाहेर पडावे लागते की काय, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता.

त्यातच फाटकाजवळच्या चहावाल्याने खबर दिली, की आप्पांनी उन्हाळ्यात ती टाकी गुपचूप घरी नेली होती. शिवाय टाकीवर गळ्यापर्यंत गोधडीची खोळ शिवलेली. अभियंत्यांच्या मते गुन्हा सिद्ध झाला होता.

आप्पा ठाण्यात आले ते कपाळाला भस्म लावून, धुतलेले धोतर नेसून. टाकी घरी का नेली, असे मी विचारले.

"साहेब, भांडाराचा पत्रा लई तापतोय. घरी मातीचं माळवद हाय, गार ऱ्हातंय. एवढी महागाची वस्तू, उन्हात टाकू का?"

"आणि खोळ?"

"ती बायकोनं शिवली. म्हणाली, माझ्यापरीस टाकीलाच जपताव."

आमचे जमादार तोंड फिरवून हसले. तरीही मी त्यांना नांदेडला पाठवून टाक्यांच्या व्यापाऱ्यांकडे चौकशी केली. एकाने उलट विचारले, "सडक्या अंड्याचा वास कोन इकत घेतंय, जमादार?" चोरीच्या मालाला गिऱ्हाईकच नव्हते.

मग पंचांसमक्ष खोळ उसवली. आतल्या लेबलावरची वापराची मुदत कधीच उलटून गेली होती. आप्पांनी टाकी इतकी जपली, की तिची मुदतही झाकून टाकली. मी टाकी सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवली. तिथल्या बाईंनी मला समजावले, की असा वायू इतक्या अल्प प्रमाणात असला तर टाकीच्या आतल्या पोलादाला चिकटत, त्याच्याशी संयोग पावत हळूहळू संपतो. नायट्रोजन तसाच राहतो, त्यामुळे दाबाचा काटा काहीच सांगत नाही. थोडक्यात, चोर टाकीच होती.

आप्पा सन्मानाने निवृत्त झाले. जाण्यापूर्वी त्यांनी नव्या टाकीलाही खोळ शिवून आणली. लेबलापुरती तेवढी खिडकी ठेवली होती.

एखादी वस्तू झाकलेली दिसली, की ती कोणापासून झाकली आहे हे आधी विचारावे, हे मी या प्रकरणात शिकलो. चोर माणसांपासून झाकतो. आप्पा उन्हापासून झाकत होते.

आता त्या अभियंत्यांसाठी. आपण म्हणता, टाकीत हवा भरली. हवा भरली असती, तर तिच्यासोबत ऑक्सिजनही आत गेला असता. प्रयोगशाळेने ती टाकी ऑक्सिजनसाठीही तपासली होती. अहवाल आपल्या कार्यालयातही पोहोचला होता. त्यात लिहिले होते: ऑक्सिजन आढळला नाही.