चौथ्या नंबरचा नानासो

नानासो कोळेकराचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, आणि त्याचं नाव काढल्याबिगर माझा दिवस सरत न्हाई. कवठे महांकाळचा गडी. नोकरी गावाला पाणी सोडायची. सकाळी वाल्व्ह फिरवायचे आणि उरलेला दिवस लोखंडात घालवायचा. बाप मेंढरांमागं हिंडला, ह्यो वजनांमागं. पॉवरलिफ्टिंग म्हंजे तीनच कामं : खांद्यावर वजन घेऊन बसून उठायचं, उताणं पडून छातीवरनं ढकलायचं, आणि शेवटी भुईवरनं उचलायचं. नानासो तिन्ही करायचा आणि दर टायमाला चौथा यायचा. सर्टिफिकेट पहिल्या तिघांना. पंधरा वर्षं साताऱ्यात चौथा, इस्लामपुरात चौथा. एकदा चौघंच उतरले व्हते, तवाबी ह्यो चौथाच!

शेवटी वैतागला आणि स्वतःच स्पर्धा भरवायला लागला. लग्नाची तिथी नसंल त्या दिवशी मंगल कार्यालय धरायचं, नवरानवरीच्या खुर्च्या बाजूला सारायच्या, आणि त्याच स्टेजवर वजनांचा लोखंडी बार मांडायचा. मागं ‘शुभविवाह’ तसंच लटकलेलं. एका वर्षी कुठलं तरी वऱ्हाड तारीख चुकून आलं, खेळाडूंच्या पंगतीत जेवलं, आणि नानासोच्या बायकोला, रंगुबाईला, आहेराचं पातळ देऊन गेलं. तिनं ते अजून जपलंय.

हजारभर पोरांच्या सर्टिफिकेटवर आयोजक म्हणून ह्याची सही हाय. स्वतःच्या नावाचं एकबी न्हाई. त्यासाठी घरात भिंतीला एक खिळा मात्र मारून ठेवलेला. त्यावर रंगुबाई पिठाची चाळण अडकवायची.

आता माझं गाऱ्हाणं ऐका. मी आप्पासो, उंब्रजचा, पिठाची गिरणी हाय माझी. नव्याण्णव साली सांगलीला राज्यासाठी निवड व्हती. स्क्वॉटात, म्हंजे खांद्यावर वजन घेऊन खाली बसताना, मांडी गुडघ्याच्या खाली गेलीच पायजे, न्हाई तर उचललेलं वजन फुकट. तीन रेफरी, प्रत्येकाच्या हातात बटण. दोन पांढरे दिवे लागले की पास. मी एकशे ऐंशी किलो घेऊन बसलो, उठलो. एक पांढरा, एक लाल. तिसरा दिवा नानासोचा. लाल! माझ्याच ताटात जेवणारा माणूस, आणि लाल! वर तोंड करून म्हणतोय, “वर ऱ्हायलं गड्या.” माझं राज्य तिथंच बुडालं. पुढं त्यानंच मला रेफरी केलं, पर मी ते इसरलो न्हाई. मी म्हणालो, एक दिवस तूबी माझ्या बटणाखाली येशील, नान्या.

आणि आला की! गेल्या वर्षी त्याला साठ पुरी झाली. साठीच्या वरचा गट त्यानंच काढला, आणि त्या गटात नाव एकच आलं : नानासो कोळेकर. सगळं कार्यालय हसाय लागलं. “नाना, आता तरी पहिला येशील का?” पर नियम म्हंजे नियम. स्क्वॉटच्या तीन संधी, त्यातली एक तरी पास व्हायला पायजे. न्हाई झाली तर एकटा असून बाद. रेफरी तिघं : समोर आमच्या उंब्रजचा धनाजी मास्तर, एका बाजूला पल्लवी, ती नानासोच्याच हाताखाली तयार झालेली पोरगी, आणि दुसऱ्या बाजूला मी.

पहिल्या संधीला गडी माईकवर सूचना देऊन पळतच बारखाली शिरला, अर्धाच बसला. तीन लाल.

दुसऱ्या संधीला नीट बसला. पल्लवीचा पांढरा. धनाजीला समोरनं काय दिसतंय, त्याचा लाल. ऱ्हायलो मी. खरं सांगतो, पुरला व्हता. चांगला बोटभर खाली गेला व्हता. पर माझा अंगठा सव्वीस वर्षं वाट बघत बसलेला. लाल दाबला.

लोकांनी गिल्ला केला. रंगुबाई उठून माझ्यापाशी आली. “भावजी, माझ्या हातच्या भाकरी कमी खाल्ल्यात व्हय तुमी?”

नानासो स्टेजवरनं वरडला, “रंगे, रेफरीशी बोलायचं न्हाई! न्हाई तर मीच मला बाद करीन!” मग लोकांकडं वळला. “आप्पा म्हणतोय ते खरं. गप बसा सगळी.”

मला लय वंगाळ वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसरी संधी. खाली गेला, आणि गुडघ्याच्या वरच थांबला. दोन बोटं. कसाबसा उठला. पल्लवीचा लाल, त्या पोरीची नजर दोन्ही टायमाला चुकली न्हाई. धनाजीचा पांढरा. आणि मी डोळं मिटून पांढरा दाबला.

कार्यालय दणाणून गेलं. पुढचं बेंच आणि डेडलिफ्ट, म्हंजे ढकलायचं आणि उचलायचं, त्यानं सहज केलं. पहिला नंबर, नानासो कोळेकर!

आठ दिवसांनी त्याच्या घरी गेलो. चाळण गेलेली, खिळ्याला सर्टिफिकेट. चष्मा लावून बघितलं, तर खाली आयोजकाची सही न्हाई.

“नाना, सही इसरलास की रं!”

“इसरलो न्हाई,” त्यो म्हणाला. “तिसरा वर व्हता. दुसरा पुरला व्हता. माझं अंग सांगतंय की मला. म्हंजे एक खरा हाय माझ्यापाशी, पर लाल केलेल्यावर मीच सही कशी करू? तू बघितलायस, तू कर.” आणि पेन पुढं केलं.

मी पेन घेतलं. तरी जित्याची खोड, इचारलंच. “आणि नव्याण्णवचा माझा?”

“त्यो वरच व्हता गड्या. चार बोटं.”

मी सर्टिफिकेट खिळ्यावरनं काढलं, मांडीवर घेतलं.

“चार न्हवं रं,” मी म्हणालो, “दोनच बोटं वर व्हता,” आणि सही केली.