बारा कोंबड्यांची जागा

आमच्या घरामागची जागा एकवीस फूट बाय बारा फूट आहे. तिथं बोअर आहे, धुणं वाळत घालायची तार आहे आणि एक खुराडं आहे. त्या खुराड्याचं माप मी तीनदा काढलं होतं. तिन्ही वेळा ते सारखंच आलं.

अक्का, माझी थोरली बहीण, किनवटच्या पुढं एका खेड्यात एकटी राहायची. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला वाढवलं ते अक्कानंच. दाजी वारल्यापासून मी तिला नांदेडला ये म्हणत होतो. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "कोंबड्यांचं काय करू?" मग एकदा ती अंगणात घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. शेजारच्या बायकांनी तिला दवाखान्यात नेलं, हात बांधून आणला, आळीपाळीनं भाकरी दिली. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं. ते मला फार लागलं.

मी फोनवर म्हणालो, "आता कोंबड्यांसकट ये."

"आन् ठेवशील कुठं? उशाला?"

"किती हायत तुझ्याकडं?"

"बारा हायत बग."

मी कागद घेऊन बसलो. एका कोंबडीला रात्री आत चार चौरस फूट आणि दिवसा बाहेर फिरायला दहा, असं धरलं. बाराजणींना आत अठ्ठेचाळीस, म्हणजे आठ बाय सहा. बाहेर एकशेवीस, म्हणजे पंधरा बाय आठ. दोन्ही एका ओळीत ठेवले की एकवीस फूट लांबी बरोबर भरते आणि कडेनं चार फुटांची पट्टी उरते. त्या पट्टीत बोअर आणि तार बसवली. बायको म्हणाली, "अक्कांसाठी खोली काढताना एवढं मोजलं नव्हतं तुम्ही." मी हसलो. आता आठवलं की हसू येत नाही.

मांजर आत शिरू नये म्हणून अर्ध्या इंचाची जाळी आणली आणि ती फूटभर जमिनीत गाडली. बसायच्या दांडीची उंची किती ठेवायची, हे विचारायला अक्काला फोन केला.

"रात्री त्या आंब्यावर चढत्यात," ती म्हणाली. "तुझ्या कागदावर आंबा हाय का?"

तिला आणायला टेम्पो घेऊन गेलो. बंद घराचे पत्रे चोरीला जातात, म्हणून ते काढून सोबत घ्यायचं ठरलं होतं. जागा दाजींच्या पुतण्यांची. त्यांनाही ती हवीच होती. माणसं पत्रे उतरवत होती आणि अंगणात सात-आठ बायका जमल्या होत्या. मी कोंबड्यांसाठी तीन डालगी मांडून ठेवली. तेवढ्यात एका बाईनं दोन कोंबड्या काखेत धरल्या आणि ती चालू लागली. मागून दुसरी निघाली.

"अक्का, त्या कुठं घेऊन चालल्यात?"

"त्यांच्या घरी. अर्धेलीच्या हायत त्या."

आमच्याकडं अर्धेल म्हणजे कोंबडी एकीची, सांभाळायची दुसरीनं आणि पिल्लं निघाली की निम्मी निम्मी. बारांपैकी दहा कोंबड्या गावातल्या बायकांच्या होत्या. पिल्लं बघायला, दाणे टाकायला, वाटा ठरवायला त्या रोज अक्काच्या दारात यायच्या. अक्काच्या स्वतःच्या दोन.

"साहेब, दुसऱ्याच्या रानाची मोजणी करून आलात की," एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मग त्यांतली एक रडायला लागली.

मी चोवीस वर्षं मोजणी खात्यात आहे. कुणाच्या बांधावर टेप धरायच्या आधी आम्ही जमीन कुणाच्या नावावर आहे ते विचारतो. अक्काला मी फक्त किती ते विचारलं होतं.

डालगं एकच लागलं. टेम्पोत अक्का ते मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली.

तिच्या घराचे तीन पत्रे खुराड्यावर घातले. एकशेवीस चौरस फुटांत त्या दोन कोंबड्या भिंतीला चिकटून बसायच्या. आठ दिवसांनी अक्का कॉलनीत घरोघर फिरून आली, कुणी कोंबडी अर्धेलीनं देतं का विचारत. लोकांना वाटलं, अंडी विकते.

"समद्यांना अंडी पायजेत," ती म्हणाली. "कोंबडी कुणाला नको."

मी दहा कोंबड्या विकत आणतो म्हणालो.

"इकत आणून काय करू? त्यांच्यापायी कोण येईल माझ्या दारात?"

पाच महिने असे गेले. ती जेवायची, बायकोला भाजी निवडून द्यायची, कधी तक्रार केली नाही. आवाज मात्र दिवसेंदिवस कमी होत गेला. एका सकाळी ती मागं जाळीपाशी बसली होती. जे आधी विचारायला हवं होतं ते मी तेव्हा विचारलं.

"अक्का, परत सोडू का तुला?"

"कुठं?" ती म्हणाली.

रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. तिच्या भिंती पाडून पुतण्यांनी तिथं ट्रॅक्टर उभा केला होता. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मग ती म्हणाली, "हे लहान कर भाऊ. एवढ्या मोकळ्यात दोघींना भ्या वाटतंय."

मी टेप आणला. दोन कोंबड्यांना वीस चौरस फूट, म्हणजे पाच बाय चार. अक्कानं टेपचं टोक भिंतीशी धरलं. मी पाच फुटांवर थांबलो.

"आणखी अलीकडं ये," ती म्हणाली.

मी चारवर आलो.

"आणखी."

तीन फुटांवर मी खडूनं खूण केली. माझ्या हिशेबानं ते कमी होतं. तरी केली.